प्रवासाची चित्रपुस्तके आणि परगावचा वाचक

प्रवासावरचे चित्रपुस्तक वाचून मुलाने काढलेले चित्र, लिहिलेल्या चार ओळी किंवा स्वतःच्या आवाजात सांगितलेली गोष्ट दुसऱ्या गावच्या शाळेला ऑनलाइन पाठवणे हा दिसायला साधा उपक्रम आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मात्र त्याला वेगळे वजन आहे. इथली कितीतरी मुले पुस्तक हाती येण्याआधीच प्रवास जगलेली असतात. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णाकाठी उतरतात आणि कारखान्याच्या आवारात किंवा रानात कोप्या उभ्या राहतात. माण, आटपाडी, जत भागातले मेंढपाळ घोड्यावर बिऱ्हाड लादून चाऱ्यामागे निघतात. विटा-आटपाडीकडची गलाईवाली कुटुंबे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभरच्या शहरांत पांगलेली आहेत. आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने साताऱ्यातून जाते. असे असूनही या उपक्रमावर आक्षेप घेतले जातात, आणि त्यांतले सगळेच पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप चित्रपुस्तकावरच असतो. चित्रे ही अक्षरओळख नसलेल्यांसाठी. तिसरी-चौथीच्या पुढच्या मुलाने ‘खरे’ वाचन करावे, असे पालक म्हणतात आणि काही शिक्षकही. हा आक्षेप टिकत नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१६ साली स्वतः काढलेल्या चित्रांचे चित्ररामायण प्रसिद्ध केले. वनवासाची ती गोष्ट म्हणजे एक प्रदीर्घ प्रवासच, आणि ते पुस्तक काही अंगणवाडीसाठी केलेले नव्हते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी चित्रे दाखवत कथा सांगत आले, ती थोरामोठ्यांपुढे. शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचे ‘द अरायव्हल’ हे २००६ सालचे पुस्तक घर सोडून परक्या देशात उतरलेल्या माणसाची गोष्ट एकही वाक्य न लिहिता सांगते. त्यातल्या शहराची लिपीही कल्पित आहे, त्यामुळे पाट्या त्या माणसाला वाचता येत नाहीत आणि वाचकालाही येत नाहीत. ग्लासगो, बार्सिलोना आणि अ‍ॅरिझोना इथल्या स्थलांतरित मुलांना संशोधकांनी हे पुस्तक दिले तेव्हा मुलांनी चित्रांभोवती टिपणे लिहिली, स्वतःच्या चित्रपट्ट्या काढल्या. वर्षाच्या मधेच नव्या शाळेत येऊन बसलेल्या मुलाला अशा पुस्तकात भाषेची अट पडत नाही, ही मोठी गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप पडद्याचा, आणि तो सांगलीत तरी हसण्यावारी नेता येणार नाही. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. टाळेबंदीत हातात आलेला मोबाइल मुलांच्या हातून सुटेना, हे त्यामागचे कारण. ज्या गावांना मुलांचा मोबाइल सोडवायचा आहे, तिथे शाळेनेच ऑनलाइनचे नवे निमित्त का द्यावे, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर त्या दीड तासातच आहे. चित्र कागदावर निघते, खडूने रंगते. गोष्ट आजीला विचारून पुरी होते. हे सगळे भोंग्यानंतरच्या वेळात बसते. दुसऱ्या दिवशी शिक्षकाने आपल्या फोनवरून फोटो पाठवायचा, एवढाच ऑनलाइनचा भाग. मुलाच्या हाती मोबाइल द्यायचे कारणच पडत नाही. वडगावच्या भोंग्याचे भांडण निरुद्देश पाहत बसण्याशी आहे, टपाल पाठवण्याशी नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. उपक्रम ऑनलाइन गेला की तो मुलाचा राहत नाही, मोठ्यांचा होतो. शिक्षक चौकट आखून देतात आणि फळ्यावर नमुना काढतात. मग वर्गभर दोन डोंगरांमधला सूर्य, झोपडी आणि नारळाचे झाड उगवते. जत तालुक्यात नारळ कुठून आला, हे कोणी विचारत नाही. फोटो गटावर पडतो, अंगठे येतात, अहवालात एक ओळ वाढते. हे घडते आणि ते बंद व्हायला हवे. पण दोष कशाचा, हे नीट पाहिले पाहिजे. या चित्राला प्रेक्षक शंभर मिळाले, वाचक एकही मिळाला नाही.

वाचक मिळाला तर काय होते? समजा, कारखान्याजवळच्या शाळेत बसलेल्या, टोळीबरोबर आलेल्या मुलीने प्रवासाचे पुस्तक वाचून आपला ट्रक काढला. हौद्यात भांड्यांची पोती, वर गोधड्या, शेळी, कोंबड्यांची पाटी, आणि सगळ्यांच्या वर बसलेली माणसे. तिच्या वर्गातल्या मुलांना त्यात नवे काही दिसत नाही, कारण असे ट्रक ती दर हंगामात बघतात. ते चित्र साताऱ्याच्या एखाद्या शाळेत गेले आणि तिथल्या मुलाने विचारले, ‘रात्री शेळी कुठे बांधता? पाऊस आला तर?’ की मुलीला दुसरे चित्र काढावे लागते. त्यात ताडपत्री येते, थांबलेला ट्रक येतो, रस्त्याकडेला मांडलेली चूल येते. पहिल्या चित्रात हे नव्हते, कारण तिला ते सांगण्यासारखे वाटलेच नव्हते. परगावच्या वाचकाचे अज्ञानच इथे कामाला येते. ऑनलाइन पाठवण्याचे खरे समर्थन या प्रश्नात आहे, पसंतीच्या आकड्यात नाही.

चौथा आक्षेप खासगीपणाचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला मूल मानले असून त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेणे बंधनकारक केले आहे. स्थलांतरित मुलांबाबत काळजी दुप्पट हवी. कोणते कुटुंब कोणत्या फडात आहे, हे चित्रावरून कळता कामा नये. पण यावरचा उपाय दार बंद करण्यात नाही. जगाला दाखवण्याऐवजी एका वर्गाने दुसऱ्या वर्गाला पाठवावे. चेहरा, आडनाव आणि गावाचे नाव गाळावे, आणि चित्र मुलाने मागितले तर काढून टाकावे.

शुद्धलेखनाचा मुद्दाही येतो. बोलीतले वाक्य तसेच बाहेर गेले तर शाळेची लाज जाईल, असे वाटते. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त धनगरांच्या वाडीचे बोलणे जसेच्या तसे ठेवले. ते पुस्तक १९५५ पासून वाचले जाते आणि दुष्काळात रिकाम्या होणाऱ्या वाडीवर संपते. मुलाचे बोलणे दुरुस्त करून पाठवले तर शिक्षकाचे मराठी पोचते, मुलाचे नाही.

या सगळ्याहून मोठे कारण हंगामाच्या घडणीत आहे. भिंतीवर डकवलेले चित्र शाळेतच राहते आणि मूल निघून जाते. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की टोळी परतते आणि वर्गातले बाक रिकामे होतात. सांगलीच्या शाळेत अर्धवट राहिलेली चित्रगोष्ट गावाकडच्या शाळेत उघडता आली, तर मुलाचे काम त्याच्यामागून जाते. पुस्तकही दोन्हीकडे तेच मिळू शकते. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तके मोफत आहेत, छापून घेता येतात, आणि मुक्त परवान्यामुळे मुले त्यांतली चित्रे घेऊन स्वतःची गोष्टही रचू शकतात. त्यासाठी दोन शिक्षकांची ओळख लागते, एक फोन लागतो, आणि आलेल्या प्रत्येक चित्राला त्याच आठवड्यात निदान एक प्रश्न परत पाठवण्याची तयारी लागते.