गॅझेटिअर, जनगणना आणि आपला रकाना

‘हैदराबाद गॅझेटिअर’ हा शब्द दोन वर्षांपूर्वी तेलगावच्या चौकात कुणी उच्चारला असता, तर ऐकणाऱ्याने तोंडाकडे पाहिलं असतं. आज टपरीवरचं पोरगंही त्यावर वाद घालतं. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने या गॅझेटिअरच्या नोंदींचा आधार घेऊन मराठा समाजातील पात्र व्यक्तींना कुणबी प्रमाणपत्र देण्याची पद्धत ठरवली आणि मनोज जरांगे यांचं आझाद मैदानावरचं उपोषण सुटलं. पाठोपाठ बंजारा समाजाने त्याच गॅझेटिअरचा हवाला देत अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी बीड-जालन्यात मोर्चे काढले. ओबीसी संघटना शासन निर्णयाविरोधात उभ्या राहिल्या. कोणाची मागणी किती रास्त, हा या लेखाचा विषय नाही. आम्हाला बोलायचं आहे ते त्या कागदाबद्दल. शंभर वर्षांपूर्वीची एक सरकारी नोंद आजही माणूस कोण हे ठरवते, शेजाऱ्याला शेजाऱ्यासमोर उभं करते, ही ताकद तिच्यात आली कुठून?

आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, ‘मराठवाड्यात इंग्रज नव्हतेच, इथे निजाम होता.’ हे अर्धंच खरं आहे. १७९८ मध्ये निजामाने तैनाती फौज स्वीकारली, तेव्हापासून परराष्ट्र धोरण, लष्कर यांवरचा ताबा गेला. पुढे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं. १९०२ मध्ये कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात कायमचंच लिहून घेतलं. आपला धाराशिवचा भागही १८५३ ते १८६० अशी सात वर्षं इंग्रजांच्या ताब्यात होता. सालारजंगाने जिल्हेबंदी केली, महसुलाची नवी घडी बसवली, तीही इंग्रजी अंमलाचा नमुना समोर ठेवून. १८८१ पासून निजामाच्या मुलखाची जनगणना साम्राज्याच्या जनगणनेचाच भाग होती. नाव निजामाचं, रकाने इंग्रजांचे.

(रेल्वेचंही तसंच. मनमाड-सिकंदराबाद मार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जालना-परभणीवरून गेला. बीड शहरात प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. मधल्या शतकभराचा हिशोब एकट्या निजामाकडे मागून चालणार नाही. त्यात आपली सरकारंही आली.)

आता एका गोष्टीबाबत स्पष्ट बोललं पाहिजे. ‘जाती इंग्रजांनी बनवल्या’ असं सांगणाऱ्यांची हल्ली फौज तयार झाली आहे. वसाहतवाद झटकायचा म्हणतात आणि झटकतात मात्र जातीची जबाबदारी. चोखोबांना चौदाव्या शतकात देवळाबाहेर ठेवणारे इंग्रज नव्हते. पेशवाईतली अस्पृश्यता लंडनहून आली नव्हती. इंग्रजांनी केलं ते वेगळं. गावोगाव वेगवेगळ्या असलेल्या, कधी सैल कधी घट्ट अशा ओळखी त्यांनी एका छापील यादीत पक्क्या केल्या. १९०१ च्या जनगणनेत रिस्लेने तर जातींची सामाजिक दर्जानुसार उतरंडच मांडायला लावली. पुरोहिताच्या पोथीला सरकारी शिक्का मिळाला.

या शिक्क्याने सर्वांत जास्त कोण पोळलं? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, परवाना, सोलापूरसारखी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची नजर तीच राहिली. आपल्या भागात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर का पडते, याचं उत्तर त्या जुन्या रजिस्टरात आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी रद्द केली, तेव्हा कारागृह नियमावल्यांत अजूनही वसाहतकाळातली ही भाषा शिल्लक असल्याचं देशाने पाहिलं. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाली होती.

दुसरीकडे आपल्याच मुलांमध्ये एक वाक्य रुळलं आहे: ‘इंग्रज आले म्हणून आपण माणसात आलो.’ त्यात तथ्य आहे. पलटणीतली नोकरी, तिथली शाळा, सुभेदार रामजींचं शिक्षण, या वाटेशिवाय बाबासाहेबांचं घर समजत नाही. पण पुढचं पान उलटा. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने नकार दिला, कारण त्याला घेतलं तर बाकीची शाळा रिकामी होईल. भीमा कोरेगावात रक्त सांडलेल्या समाजाची लष्करभरती १८९० च्या दशकात बंद केली, ती याच इंग्रजांनी. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांना त्यासाठी अर्जांवर अर्ज करावे लागले. आणि १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी लंडनमध्ये उभं राहून विचारलं, तुम्ही येण्यापूर्वी आम्हाला विहीर बंद होती, मंदिर बंद होतं, पोलीस-लष्कर बंद होतं. तुम्ही यातलं काय उघडलं? उपकाराची भाषा त्यांनी तिथेच संपवली. इंग्रजांना सवर्णांचा असंतोष नको होता आणि महसूल हवा होता. आपल्याला मिळालं ते आपण झगडून त्या फटीतून काढलेलं आहे.

रकान्याची लढाईही आपली जुनीच. १९३१ च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानातल्या दलितांनी भाग्यरेड्डी वर्मा यांच्या चळवळीच्या जोरावर ‘आदि-हिंदू’ ही नोंद मिळवली. पुढच्याच वर्षी लोथियन समितीसमोर काही प्रांतांतले सवर्ण पुढारी सांगू लागले की आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच. मताधिकार आणि जागा आकड्यांवर ठरणार म्हटल्यावर आकडाच खाली आणायचा! बाबासाहेबांनी हा डाव तिथेच ओळखला.

१९३५ च्या कायद्याने ‘अनुसूचित जाती’ हा शब्द दिला आणि १९३६ च्या आदेशाने यादी. त्याच आदेशात भारतीय ख्रिश्चनांना वगळलं होतं आणि बंगालपुरतं बौद्धांनाही. धर्म बदलला की अस्पृश्यता संपली, हे गृहीतक तिथलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात ते वेगळ्या रूपात उतरलं आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वाट्याला आलं. महाराष्ट्रात १९६० नंतर नवबौद्धांना राज्याच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्ध यायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं. त्या काळात केंद्राच्या नोकरीसाठी कागदावर हिंदू राहिलेली घरं प्रत्येक वस्तीत सापडतील.

म्हणूनच येणाऱ्या जनगणनेकडे आपण सरकारी सोपस्कार म्हणून पाहू नये. ३० एप्रिल २०२५ ला केंद्राने जातनिहाय मोजणीचा निर्णय घेतला. १९३१ नंतर सर्व जातींची अशी मोजणी जनगणनेत पहिल्यांदाच होणार आहे. संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. २०११ मध्ये राज्यात बौद्ध ६५ लाख ३१ हजार नोंदले गेले, पण ‘धर्म हिंदू’ असं प्रगणकाने परस्पर लिहिल्याच्या तक्रारी तेव्हाही होत्या. शिवाय धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहून जातीच्या रकान्यातही ‘बौद्ध’ सांगितलं, तर ती नोंद अनुसूचित जातीत धरली जात नाही, कारण यादीत तसं नाव नाही. जुनं नाव उच्चारायला अनेकांना नको वाटतं, ते आम्हाला कळतं. तरी आमचं मत असं: धर्म बौद्ध, आणि जातीच्या रकान्यात यादीतलं नाव. धर्म ही आपली निवड आहे. तो दुसरा रकाना आपल्यावर झालेल्या अन्यायाची नोंद आहे, आणि ती पुसण्यात फायदा अन्याय करणाऱ्याचाच.

तेलगाव परिसरात मात्र याहून मोठी अडचण आहे. मोजणी होईल तेव्हा, म्हणजे फेब्रुवारीत, धारूर-वडवणी-माजलगावची हजारो माणसं गावात नसतील. तेलगावजवळ स्वतःचा साखर कारखाना असूनही आपल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असतात. मुकादमाच्या वहीत ती माणसं नसतातच, ‘कोयता’ असतो. नवरा-बायको मिळून एक. जनगणनेत माणूस जिथे सापडेल तिथे मोजला जातो. बेळगावच्या फडावरच्या कोपीत कन्नड बोलणारा प्रगणक येईल, पुरुष उसात असतील, बाई मोळ्या बांधत असेल, आणि कोपीत राखणीला बसलेलं दहा वर्षांचं पोरगं उत्तरं देईल. त्यातून अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक वेगळी. लमाण समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत आणि आपल्याकडे विमुक्त जातीत. सीमा ओलांडली की त्याच माणसाचा रकाना बदलतो.

त्यामुळे काम २०२७ च्या फेब्रुवारीत नाही, २०२६ च्या दसऱ्याआधी करायचं आहे. टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तीत बसून कोणतं घर कोणत्या कारखान्यावर जाणार याची यादी करायची. कोपीवर राहणाऱ्या मोठ्या मुलांना दोन्ही रकान्यांची उत्तरं पाठ करून द्यायची. कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या आपल्या कार्यकर्त्यांना ती यादी पाठवायची. अशोक विजयादशमीला वस्तीत सगळे असतात. त्या संध्याकाळी वंदना झाल्यावर एक तास याला द्या. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर भरायला लागतात.