गाथेतील गणित

आपल्या घरांतून मुलांच्या अभ्यासाचा विषय निघाला की गणित आणि कविता ही दोन टोके मानली जातात. गणिताच्या शिकवणीसाठी महिन्याच्या खर्चात आधी तरतूद होते. कविता मात्र भीमजयंतीच्या कार्यक्रमापुरती पाठ केली जाते. या वाटणीमागील काळजी आम्ही जाणतो. वाचता न येणाऱ्या हिशेबाखाली ज्यांच्या पूर्वजांनी अंगठे उठवले, त्यांना गणिताचे मोल निराळे सांगावे लागत नाही. तथापि या दोन विद्या एकमेकींना परक्या नाहीत, आणि त्यांचे नाते पाहू गेल्यास आपल्या इतिहासातील एक जुना प्रश्न सामोरा येतो: ज्ञान कोणाच्या कानापर्यंत पोहोचू दिले गेले?

ज्या भूमीवर आपण पोटासाठी आलो, तिच्यापासूनच आरंभ करू. आजच्या रास अल खैमा परिसरात पूर्वी जुल्फार नावाचे बंदर होते. पंधराव्या शतकातील विख्यात नाविक अहमद इब्न माजिद हा तेथलाच. त्याने १४६२ मध्ये नौकानयनावरील ‘हाविया’ हा ग्रंथ रचला, तो रजज छंदातील हजारांहून अधिक ओळींत. तारा क्षितिजापासून किती उंच आहे हे अरबी खलाशी ‘इस्बा’, म्हणजे बोट, या एककात मोजत. पूर्ण वर्तुळाचे इस्बा २२४. म्हणजे एक इस्बा सुमारे १.६ अंशांचा. कोणत्या बंदराशी कोणता तारा किती बोटे दिसावा, हे ठाऊक असेल तर रात्रीच्या समुद्रात आपली जागा कळे. असे शास्त्र पद्यात का सांगावे? कारण जहाजावर कागद भिजतो, दिवा विझतो. पाठ केलेली ओळ भिजत नाही. शिवाय ओळीतील एखादा शब्द चुकला तर छंद अडखळतो, आणि म्हणणाऱ्याला आपली चूक तेथेच उमगते.

छंद हा पाठांतराचा आधार आहे, तसा तो स्वतः एक हिशेबही आहे. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. आता चार मात्रांची जागा किती प्रकारे भरता येईल? चार लघू, दोन लघू व एक गुरू, यांचे तीन क्रम, आणि दोन गुरू. एकूण पाच प्रकार. एका मात्रेपासून मोजत गेलो तर १, २, ३, ५, ८, १३ अशी संख्यांची रांग तयार होते. कारण सोपे आहे. शेवटचे अक्षर लघू असेल तर त्याच्या आधी एक मात्रा कमी उरते, गुरू असेल तर दोन. म्हणून मागील दोन संख्यांची बेरीज ही पुढची संख्या. प्राकृतात लिहिणाऱ्या विरहांक या छंदशास्त्रकाराने हा नियम सांगितला. युरोपात ज्याच्या नावाने ही रांग ओळखली जाते, त्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा, म्हणजे त्याच्या कित्येक शतके नंतरचा. आपले भीमगीत गाणारे शाहीर छंदशास्त्राची पोथी न उघडताही मात्रा अचूक सांभाळतात. ती मोजणी त्यांच्या ढोलकीच्या ठेक्यात असते.

महाराष्ट्रातही गणिताचा थोर ग्रंथ पद्यातच आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. भुंगे, हंस, मोर आणि साप यांच्या गोष्टींतून तीत हिशेब मांडले आहेत. भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. लेख संस्कृतात आहे. पण मठाला मिळणाऱ्या उत्पन्नाचा भाग मराठीत आहे. बाजारातील व्यवहारांवर काही देणे, घाण्यांमागे पळीभर तेल, असा तो तपशील. शास्त्र संस्कृतात आणि वसुली लोकभाषेत! ज्यांच्या घाण्याचे तेल त्या मठाच्या दिव्यात जळले, त्यांच्यापैकी कितींच्या मुलांना त्या दिव्याखाली बसता आले असेल, याचे उत्तर आपल्याला कोणी सांगावे असे नाही.

सातशे वर्षांनंतरही स्थिती फारशी पालटली नव्हती. मुंबईच्या शाळेत बाल भीमरावांना गणित सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून सवर्ण विद्यार्थी ते उचलण्यास धावले. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ती भाषा त्यांना नाकारली गेली. त्यांना फारसी घ्यावी लागली. म्हणजे एकाच बालकाला गणिताच्या फळ्यापाशी अपमान सोसावा लागला आणि काव्यभाषेच्या दारातून परत फिरावे लागले. पुढे अर्थशास्त्र आणि पाली या दोन्ही विद्यांत बाबासाहेबांनी जे कार्य केले, ते या पार्श्वभूमीवर वाचावयास हवे.

तिपिटकातील चित्र मात्र वेगळे आहे. थेरगाथा आणि थेरीगाथा यांची मांडणी जातीने, कुळाने किंवा ज्येष्ठतेने केलेली नाही. ती गाथांच्या संख्येने केली आहे. ज्यांची एक गाथा ते एकक निपातात, दोन असतील ते दुक निपातात, अशी ही चढती रचना. स्मशानरक्षकाच्या घरी वाढलेल्या सोपाकाची कथा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितली आहे. तो एकक निपातात आहे. निर्माल्य उचलणारा सुनीत आपले हीन मानलेले कुळ न लपवता बारा गाथा म्हणतो, म्हणून तो बारांच्या निपातात. सात गाथांच्या निपातात दुसरा एक सोपाक भेटतो. भगवंतांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊन वयाच्या सातव्या वर्षी उपसंपदा मिळाल्याचे तो स्वतः सांगतो. अट्ठकथेच्या परंपरेनुसार ते प्रश्न ‘खुद्दकपाठा’तील आहेत: एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, असे दहापर्यंत. दोन म्हणजे नाम आणि रूप. चार म्हणजे चार आर्यसत्ये. पाच म्हणजे पाच उपादानस्कंध. आठ म्हणजे आर्य अष्टांगिक मार्ग. मुलाला कुळ विचारले गेले नाही. त्याला मोजावयास सांगितले गेले, आणि त्याचे उत्तर ऐकून घेतले गेले.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर मुलांना एखादी गाथा घेऊन तिच्या एका चरणातील अक्षरे मोजू द्यावीत. अनेक गाथांत ती आठ भरतील. काही ठिकाणी नऊ भरली तर कारण शोधू द्यावे. मग सोपाकाचे दहा प्रश्न विचारावेत आणि अर्थ मराठीतून सांगावा. निव्वळ पाठांतर पुरेसे नाही. त्याच वेळी आपल्यापैकी जे बांधव कामगारवस्तीत एकटे राहतात आणि ज्यांची मुले विदर्भ-मराठवाड्यातील गावी आहेत, त्यांच्या मुलांनाही फोनवरून या वर्गात घ्यावे. येथे दीड तासाने मागे असलेले आपले घड्याळ त्यांच्या सोयीने लावणे अवघड नाही. पाटणच्या मठाला तेल देणारी माणसे दाराबाहेर राहिली. आपल्या वर्गाचा खर्च उचलणाऱ्या कोणाचेही मूल बाहेर राहिले, तर सोपाकाची गाथा म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार?

जय भीम. नमो बुद्धाय.