जुनी जड गाडी घेताना दाम शेवटी विचारावा

आंबिवलीत राहून कापडाचा धंदा करणाऱ्याला रेल्वे एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडते. मुंबईच्या बाजारात जायचे तर कसारा मार्गाची लोकल दारात आहे. पण भिवंडीच्या यंत्रमागांवर जायचे तर सरळ गाडी नाही. मालेगावला तर रेल्वेच नाही. मनमाडला उतरून पुन्हा एस.टी. धरावी लागते. म्हणून नमुने दाखवणे, ग्रे कापड पाहणे, उधारीचा तगादा करणे या कामांसाठी आमच्यातील अनेक जण मोटारसायकलनेच निघतात. शंभर सीसीच्या हलक्या गाडीवर नाशिक गाठेपर्यंत कंबर जाब विचारू लागते, आणि मग मन लांब पल्ल्याच्या जड गाडीकडे वळते. बुलेट, थंडरबर्ड, हिमालयन, डॉमिनार ही नावे आता दुकानांच्या ओट्यावरही ऐकू येतात.

नवी गाडी घ्यायची तर दोन लाखांच्या घरात रक्कम मोजावी लागते, आणि एवढी रक्कम हाताशी नसली तर व्याजाचे कर्ज आले. ते ज्यांना नको आहे ते रोखीने जुनी गाडी घेतात. या विचारात आम्हाला काहीच गैर दिसत नाही. आम्ही स्वतः पन्नाशी ओलांडल्यावर जुनी थंडरबर्डच घेतली. पण बाजारात हे सौदे ज्या पद्धतीने होतात ती पद्धत मात्र आम्हाला मान्य नाही. लोक आधी दाम विचारतात, मग रंग पाहतात, आणि कागद शेवटी, तोही जमला तर. आमचे म्हणणे असे की, क्रम उलटा हवा. आधी कागद, मग गाडीची प्रकृती, मग आपल्या अंगातील ताकद, आणि दाम सर्वांत शेवटी.

कागदापासून सुरुवात करू. आपल्याकडे एक वाईट चाल पडली आहे. विकणारा फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर कोऱ्या सह्या करून देतो, घेणारा ते कागद गाडीच्या डिकीत ठेवतो, आणि सहा महिन्यांनी तीच गाडी तेच कागद घेऊन तिसऱ्याकडे जाते. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ते न केल्यास काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी कितीही हातांतून फिरली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी. विचार करा, एखाद्या कारागिराने पाच वर्षांपूर्वी विकलेली गाडी आज महामार्गावर कोणाला उडवते, विमा संपलेला असतो, आणि नोटीस येते ती या कारागिराच्या दारात. घर विकायची पाळी येऊ शकते.

म्हणून दोन्ही बाजूंना आमचा सल्ला एकच आहे. विकणाऱ्याने नाव बदलल्याची खात्री झाल्याशिवाय निश्चिंत होऊ नये, आणि घेणाऱ्याने अर्ज दाखल झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर नंबर टाकला की नोंदणी, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 घ्यावा. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथला ना-हरकत दाखला घ्यावा. थकलेली ई-चलाने विकणाऱ्याकडून भरून घ्यावीत. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट बंधनकारक आहे. ती बसली आहे का तेही पाहावे. नोंदणी पंधरा वर्षांची असते. तिला किती दिवस उरले हे दामात धरावे. चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी कागदाशी ताडून पाहावा. तो खरवडलेला दिसला तर सौदा तिथेच सोडावा.

आता गाडीची प्रकृती. आम्ही कापडवाले थान उलगडल्याशिवाय आणि उजेडात धरल्याशिवाय भाव बोलत नाही. वरची घडी सर्वांचीच चांगली असते. डाग आणि तुटलेला धागा आत असतो. गाडीचेही तसेच आहे. पाहायला जाण्याआधी गाडी सुरू करून ठेवू नका असे सांगावे, कारण गरम इंजिन आपला रोग लपवते. थंड असताना सुरू करून धूर पाहावा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 असे लिहिले असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी खोल असली तरी जुने रबर कडक होते आणि पावसात घसरते. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवावी. हँडलच्या बुडाशी खडखड आली तर बेअरिंग गेले समजावे. शॉकअपवर तेल आहे का, चेन किटचे दात टोकदार झाले आहेत का, टाकीत गंज आहे का हे पाहावे. गॅरेज आपल्या ओळखीच्या मिस्त्रीचे असावे, विकणाऱ्याच्या नव्हे. आणि जो आपला बांधव विकतो आहे त्यालाही सांगणे आहे की, मालातला ऐब सांगून विकावा. झाकून विकलेल्या पाच हजारांनी कोणाचे दुकान वाढलेले आम्ही पाहिले नाही.

तिसरी बाब वजनाची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. रोजची शंभर सीसीची गाडी साधारण 110 किलोची असते. साडेतीनशे सीसीची गाडी 190 किलोच्या आसपास भरते. हा फरक वेगात कळत नाही. तो कळतो गाडी उभी असताना, वळवताना, उतारावर लावताना. जड गाड्या बहुधा अशाच थांबता थांबता पडतात. म्हणून थांबताना हँडल सरळ ठेवावे. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक कधीही ओढू नये. हळू वळण घेताना क्लच अर्धा ठेवून मागचा ब्रेक हलका दाबावा आणि नजर जिथे जायचे तिथे ठेवावी, चाकाखाली नव्हे. पडलेली गाडी पुढे वाकून उचलू नये. तिच्याकडे पाठ करून, गुडघे वाकवून, पायांच्या जोराने उचलावी. विकत घेण्याआधी ती मेन स्टँडवर एकट्याने चढवून पाहावी. जमले नाही तर गाडी कितीही स्वस्त असो, ती आपली नव्हे, असे समजावे. जुनी बुलेट घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. वर्षानुवर्षांची सवय संकटाच्या क्षणी चुकीचा पाय दाबते.

पहिला महिना गाडी रिकामी चालवावी. आंबिवली ते शहाड, पुढे गांधारी पुलावरून पडघा, एवढेच. त्यानंतर मागे माणूस, आणि मग माल. माल बांधताना जड गठ्ठा सीटला टेकून आणि शक्य तितका खाली असावा. मागे लोंबकळणारे ओझे पुढचे चाक हलके करते. घाट सर्वांत शेवटी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला, पण तिथे दुचाकींना मनाई आहे. आपल्याला कसारा घाटच चढावा लागतो, तोही ट्रकांच्या सोबतीने. उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करणारे लोक आम्ही पाहतो. हलक्या गाडीवरही हे चूकच, जड गाडीवर तर जिवाशी खेळ. उतारावर खालचा गिअर ठेवून इंजिनलाच गाडी धरू द्यावी. 125 सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल 2019 पासून. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत ते नाही. तेव्हा पावसाळ्यात ब्रेक दोन्ही, पण बेताने. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही.

काही जण म्हणतील, एवढा व्याप कशाला, हलकी गाडी बरी. ज्यांची फेरी कल्याण-भिवंडीपुरती आहे त्यांना आम्हीही हेच सांगू. रुबाबासाठी 190 किलो लोखंड पोसू नये. पण ज्यांचा धंदा महिन्यातून दोनदा नाशिक-मालेगावला नेतो, त्यांना जुनी, निरोगी, स्वतःच्या नावावरची जड गाडी खरोखर साथ देते. सौद्याच्या दिवशी आरटीओत एक चक्कर जास्त झाली तर एक दिवसाचा धंदा बुडेल. नाव न चढवता घेतलेली किंवा दिलेली गाडी मुलांच्या हातात काय ठेवून जाईल, याचा हिशेब प्रत्येकाने चावी घेण्याआधी करावा.