नाव भाड्याने घ्यायचे की विद्या?

गावात ‘लायसन’ म्हटले की आठवतो तो कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर टांगलेला सरकारी परवाना. बियाण्याचा, खताचा, औषधाचा. तो परवाना असल्याशिवाय दुकानच उघडत नाही, त्यात निवडीचा प्रश्न नाही. पण आज शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट आणि गावातली शिकलेली पोरे यांच्यापुढे वेगळाच प्रश्न आहे. धंदा काढायचा तर एखाद्या मोठ्या नावाची फ्रँचायझी घ्यायची, की एखाद्या तंत्रज्ञानाचे लायसन्स घेऊन आपला माल आपण करायचा?

दोन्हींत फरक काय? फ्रँचायझीत गाळा आपला, पैसा आपला, राबायचे आपण. पण पाटी दुसऱ्याची आणि रीतही दुसऱ्याची. माल कुठून घ्यायचा, काय भावाने विकायचा, दुकानाला रंग कोणता, हे सारे वरून ठरते. लायसन्समध्ये मिळते ती विद्या वापरण्याची लेखी मुभा. एखादा वाण, जिवाणू खताचे मूळ कल्चर, अवजाराचा आराखडा किंवा प्रक्रियेची कृती. त्याबद्दल एकरकमी फी द्यायची किंवा विक्रीवर रॉयल्टी. पाटी बहुधा आपलीच. शेतीच्या भाषेत सांगायचे तर, फ्रँचायझी म्हणजे दुसऱ्याने आखून दिलेल्या मळ्यात त्याच्या सांगण्याप्रमाणे पीक घेणे. लायसन्स म्हणजे चांगले बी आणून आपल्या रानात पेरणे. पहिल्यात चुका कमी, दुसऱ्यात मोकळीक जास्त. पण पीक बुडाले तर तेही आपलेच.

लायसन्सचे उदाहरण आपल्या कापूस पट्ट्यात घरोघर आहे. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढे डझनावारी बियाणे कंपन्यांनी तेच जनुक लायसन्सने घेऊन आपापल्या संकरित वाणांत घातले आणि आपापल्या नावाच्या पाकिटात विकले. पाकिटे वेगळी, वाण वेगळे, बोंडअळीवरचे तंत्र मात्र एकच. त्याची फी अर्थातच पाकिटाच्या किमतीत होती. फीवरून भांडण कोर्टापर्यंत गेले. केंद्र सरकारने २०१६ साली बीजी-२ च्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरवली, त्यात तंत्रज्ञानाचे मोल ४९ रुपये. २०२० च्या हंगामापासून ते शून्यावर आले. यातून धडा एकच घ्यायचा: फी किती, ती कुणी व कधी बदलायची, आणि करार मोडला तर पुढे काय, हे पहिल्याच दिवशी कागदावर हवे.

बियाण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वाण संरक्षणाच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचे घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा, विकण्याचाही हक्क दिला आहे. पण ते ब्रँडच्या पिशवीत भरून विकता येत नाही. गटाला तसा धंदा करायचा असेल, तर वाणाच्या हक्कदाराकडून लायसन्स घ्यावेच लागेल.

मग कुणी काय घ्यावे? एकटा तरुण आहे, रस्त्यालगत गाळा आहे, पण हिशेब आणि विक्रीचा अनुभव नाही, त्याला चालत्या नावाची फ्रँचायझी बरी. उत्पादक कंपनीकडे मात्र सभासदांचा कच्चा माल असतो, शेड असते, माणसे असतात. तिने दुसऱ्याचा माल विकण्यात ताकद घालवू नये; लायसन्सचाच विचार आधी करावा. कृषी विद्यापीठे आणि कृषी संशोधन परिषदेच्या संस्था आपले वाण व तंत्रज्ञान फी घेऊन लायसन्सने देतात. आधी तिथे चौकशी करा.

सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाच. अनामत परत केव्हा मिळणार? न खपलेला माल कोण उचलणार? आपल्या शेजारच्या गावात दुसऱ्याला तेच देणार नाहीत ना? आणि ते नाव किंवा वाण देणाऱ्याच्या नावावर खरोखर नोंदलेले आहे का? आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आहे, म्हणजे कागदावर जे लिहिले तेच खरे. तोंडी आश्वासनाला विचारतो कोण? फी आणि रॉयल्टीवर जीएसटी वेगळा पडतो, तोही हिशेबात धरा. जमीन तारण ठेवून अनामत भरणाऱ्याने तर करारनामा वकिलाला दाखवल्याशिवाय पेन उचलू नये. ग्रामसेवक, तलाठी, सोसायटीचे सचिव यांनी एवढा सल्ला दिला तरी एखादे घर वाचेल.

आणि शेवटी, दुसऱ्याच्या नावाला पैसे मोजण्याआधी आपल्याच मातीचे नाव तपासा. नाशिकची द्राक्षे, जळगावची केळी, कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद यांना भौगोलिक मानांकन आहे. हे नाव कायद्याने कुणाला विकताही येत नाही आणि लायसन्सने देताही येत नाही. त्या भागातल्या उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची, बस्स. मोठ्या पाटीखाली उभे राहण्याची घाई करण्यापेक्षा ही नोंद आधी करून घ्या.