पडवीतला लेथ

आमच्या चिरंजीवांना बारावीच्या सुट्टीत लेथ हवा होता. मोबाइल नाही, गाडी नाही, लेथ! तोही विकतचा नव्हे, घरी बनवलेला. अमेरिकेतल्या डेव्हिड गिंजरी यांच्या पुस्तिका त्याने वाचल्या होत्या. कोळशाच्या भट्टीत भंगारातले ॲल्युमिनियम वितळवायचे, साच्यात ओतायचे, आधी लेथ करायचा आणि मग त्या लेथवर पुढची यंत्रे. वर आम्हालाच ऐकवले, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासूनच सुरुवात केली ना?

मी मराठीचा प्राध्यापक, माझा काय पाड लागणार! यंत्रातले कळणारे घरात एकच, माझे सासरे, म्हणजे मुलांचे अज्जा. उद्यमबागेत पस्तीस वर्षे टर्नर होते. त्यांनी एवढेच विचारले, "बेड सपाट झाला की नाही, कशावर घासून बघशील?"

गोम इथेच आहे. सपाट काही करायचे, तर ताडून पाहायला आधी सपाट काहीतरी लागते. नसेल तर तीन पट्ट्या घ्यायच्या, निळा रंग लावून आळीपाळीने एकमेकींवर घासायच्या आणि रंग लागलेले उंचवटे खरवडायचे. दोनच घेतल्या तर एक खोलगट, दुसरी फुगीर होऊनही छान जुळतात. तिसरी ती लबाडी पकडते. पण बेडएवढ्या लांबीला यात महिने जातात, आणि सुट्टी होती दोन महिन्यांची.

शेवटी एका बंद वर्कशॉपमधला छोटा चिनी लेथ आणला. चिरंजीव रुसले, पण आठवड्यात सुधारणांची यादी हजर : टेपर रोलर बेअरिंग, नवा टूलपोस्ट, आणखी काय काय. अज्जा म्हणाले, "मोदलु नोडु." आधी बघ.

आडवी स्लाइड हलत होती. गिबचे स्क्रू आवळले, खर्च शून्य. मग जाड गज चकमध्ये धरून, दुसरे टोक मोकळे ठेवून, दोन जागी हलकेच कातला आणि मायक्रोमीटरने मोजला. दोन्हीकडे माप वेगळे. हेडस्टॉक उचलून पाहिला तर खाली लोखंडाचा बारीक कीस अडकलेला! तो पुसला आणि निम्मी यादी गळाली. टूलपोस्ट मात्र घेतला, तो हवाच होता.

यंत्र बनवण्याचीच हौस असेल त्याने खुशाल बनवावे. यंत्रावर काही बनवायचे असेल त्याने जुने घ्यावे आणि मोजमाप दाखवील तिथेच पैसा घालावा, असे माझे मत झाले आहे. चिरंजीवांना ते अर्धेच पटले. त्याने पंजाएवढ्या तीन बिडाच्या पट्ट्या मिळवल्या, अज्जांनी जुन्या कानशीला धार लावून स्क्रेपर करून दिला.

निवृत्तीनंतर गप्प गप्प असलेले अज्जा आता संध्याकाळी पडवीत बसतात. मोतीबिंदूमुळे त्यांना निळे ठिपके नीट दिसत नाहीत. घरात कानडी बोलायला लाजणारा नातू ते मोजून सांगतो : ओंदु, एरडु, मूरु…