तीन कवट्यांचा उंदीर

डोंगर पोखरून उंदीर काढला, असं आपण म्हणतो. इथे कोलोराडोत मात्र उंदरामुळे पोखरणंच थांबतं, हे मला घर शोधताना कळलं. ओढ्याकाठची एवढी छान जागा रिकामी कशी, असं एजंटला विचारलं, तर तो म्हणाला, "उंदीर!" मला वाटलं, चेष्टा करतोय.

पण ते खरंच होतं. हा प्रेबलचा उड्या मारणारा उंदीर. शेपूट अंगापेक्षा लांब, मुक्काम ओढ्याकाठच्या गवतात आणि हिवाळाभर गाढ झोप. १९९८ साली त्याला केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं. हा कायदा नुसत्या प्रजातीलाच नव्हे, तर उपप्रजातीलाही लागू होतो. म्हणजे हा उंदीर शेजारच्या उंदरांहून वेगळा आहे की नाही, यावर जमिनीचे व्यवहार अडलेले!

हे वेगळेपण ठरलं कशावरून? मुख्यतः कवटीवरून. १९५४ साली फिलिप क्रुट्श यांनी त्याला स्वतंत्र उपप्रजातीचं नाव दिलं. कवटी मोजायला आपण कॉलेजात वापरला तसाच कॅलिपर लागतो. कवटीची लांबी, दोन डोळ्यांच्या खोबणींमधली रुंदी, दाढांच्या रांगेची लांबी, असं सगळं मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचं. खरी मेख पुढेच आहे. वयाप्रमाणे कवटी बदलते. म्हणून आधी दाढा किती झिजल्यात ते पाहून वय ठरवायचं आणि प्रौढांची तुलना प्रौढांशीच करायची. क्रुट्श यांच्याकडे या उंदराच्या प्रौढ कवट्या होत्या फक्त ३.

घरी हे सांगितलं तर सौ. म्हणाली, "मग काय झालं? शितावरून भाताची परीक्षा करतोच ना आपण?" करतो, पण पातेल्यातली सगळी शितं सारखीच शिजलेली असतात म्हणून. उंदीर तसे नसतात. एकाच ओढ्यावरच्या दोन भावंडांच्या कवट्यांतही फरक असतो.

त्यामुळे वाद होणारच होता. डेन्व्हरच्या म्युझियममध्ये असताना रॉब रॉय रॅमी यांनी सहकाऱ्यांबरोबर पुन्हा कवट्या मोजल्या, डीएनएही तपासला आणि २००५ साली जाहीर केलं, की हा उंदीर वेगळा नाहीच. लगेच पुढच्या वर्षी टिम किंग यांच्या गटाने डीएनएचा अधिक भाग तपासला आणि म्हटलं, वेगळाच आहे. शेवटी २००८ साली केंद्रीय वन्यजीव खात्याने ही उपप्रजाती मान्य करून कोलोराडोतलं संरक्षण कायम ठेवलं.

मग कवट्या मोजणं फुकट गेलं का? मुळीच नाही. गावाच्या आणि तारखेच्या चिठ्ठीसकट त्या म्युझियमच्या खणात जपून ठेवल्या होत्या, म्हणून पन्नास वर्षांनीही कोणाला शंका घेता आली आणि ती तपासताही आली.

तेव्हा मंडळी, पुढच्या पॉटलकला कोणी "हे लोक असेच असतात" म्हणालं, तर एवढंच विचारा, "किती मोजलेत?"