गॅदरिंगची तारीख सगळ्यांना ठाऊक, फी ठरवणाऱ्या बैठकीचं काय?

डिसेंबर लागला की तालुक्यातल्या खासगी शाळांचे व्हॉट्सॲप ग्रुप दिवसभर वाजत राहतात. गॅदरिंगची तारीख, नाचाच्या ड्रेसचे पैसे, सहलीचे संमतीपत्र, क्रीडा सप्ताहाचे वेळापत्रक, बालआनंद मेळाव्याला घरून काय करून आणायचे याची यादी. पुढे ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, १२ जानेवारीला जिजाऊ जयंती, संक्रांतीनंतर माता-पालकांचे हळदीकुंकू आणि २६ जानेवारीचे झेंडावंदन. पहिली ते आठवीच्या शाळेचे हे दोन महिने असे कार्यक्रमांनी भरलेले असतात. गावाकडच्या घरातही याच काळात सोयाबीन-कापसाचा पैसा आलेला असतो किंवा उसाच्या पहिल्या उचलीची वाट बघणे चालू असते. त्यामुळे शाळेचा मेसेज आला की आई-बाप फार खळखळ न करता पैसे देतात.

या सगळ्या मेसेजमध्ये एक तारीख मात्र बहुतेक पालकांना दिसत नाही. पुढच्या वर्षीची फी ठरवण्यासाठी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची जी बैठक व्हायला हवी, तिची. आणि तिची वेळही नेमकी हीच आहे.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ हा कायदा खासगी शाळांच्या फीसाठी आहे. शाळा शहरातली असो की खेड्यातली, मराठी माध्यमाची असो की इंग्रजी, तो लागू होतो. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रत्येक खासगी शाळेने पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा असतो. शाळेतला प्रत्येक शिक्षक आणि प्रत्येक मुलाचा पालक या संघाचा सभासद असतो. यातूनच कार्यकारी समिती तयार होते. मुख्याध्यापक अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, एक शिक्षक सचिव, दोन पालक सहसचिव आणि इयत्तावार प्रतिनिधी अशी तिची रचना आहे. इच्छुक पालकांची नावे घेऊन चिठ्ठ्या टाकून निवड करायची असते. संस्थाचालकांनी आपल्या मर्जीतली माणसे बसवू नयेत, हा त्यामागचा हेतू. समितीत निम्म्या महिला असाव्यात, अशीही तरतूद आहे.

या समितीचे सर्वांत मोठे काम म्हणजे फी मंजूर करणे. संस्थेने प्रस्तावित फी आणि त्यासंबंधीची कागदपत्रे नवीन शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी समितीपुढे ठेवायची असतात. शाळा जूनच्या मध्यावर भरतात, विदर्भात साधारण आठवडाभर उशिरा. तिथून सहा महिने मागे मोजले की डिसेंबरचा मध्य येतो. म्हणजे मुले स्टेजवर नाचाची प्रॅक्टिस करत असतात, त्याच दिवसांत पुढच्या फीचा कागद समितीच्या टेबलावर आलेला असायला हवा. समितीने आपला निर्णय ३० दिवसांत लेखी कळवायचा असतो. आणि एकदा मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी बांधील असते. एका बैठकीत दोन वर्षांचा हिशेब ठरतो तो असा.

फी ठरवताना शाळेचे ठिकाण, सोयीसुविधा, शिक्षकांचे पगार, देखभाल आणि कारभाराचा खर्च या गोष्टी बघायच्या असतात. म्हणजे "यंदा एवढी वाढवली" एवढे सांगून भागत नाही, खर्चाचे कागद दाखवावे लागतात. संस्थेची फी आणि समितीने ठरवलेली फी यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकते. पालकांना तिथे स्वतःहून दाद मागायची असेल तर मात्र किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. ही अट नंतरच्या दुरुस्तीने आली. शंभर मुलांच्या शाळेत पंचवीस पालकांच्या सह्या गोळा करणे कागदावर सोपे दिसते. पण जिथे संस्थाचालक गावचाच, नात्यातला किंवा पुढारी असतो, तिथे सही करायला पेन उचलणे सोपे नसते.

झेडपीच्या शाळेत चढाओढ, खासगीत शांतता

गावाला समितीचे राजकारण कळत नाही असे मुळीच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. या समितीचा अध्यक्ष कोण होणार यावरून कित्येक गावांत दोन गट पडतात. खिचडीचा तांदूळ, वर्गखोलीचे काम, गुरुजी वेळेवर येतात की नाही, या सगळ्यावर गाव बोलते.

त्याच गावातला माणूस मुलाला पिवळ्या बसमध्ये बसवून तालुक्याच्या खासगी शाळेत पाठवतो तेव्हा गप्प होतो. झेडपीत फी नसते तरी प्रश्न विचारले जातात, इथे वर्षाला हजारो रुपये मोजूनही विचारले जात नाहीत. याची कारणे साधी आहेत. शाळा गावाबाहेर असते, सगळे पालक एका गावचे नसतात, त्यांची आपसात ओळख नसते. ग्रुपवर 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' अशी सेटिंग असते. शिवाय मनात एक भीती असते: "आपण बोललो आन् उद्या पोराला त्रास दिला तर?" झेडपी आपली आणि खासगी शाळा मालकाची, अशी समजूत पक्की बसलेली आहे. कायदा मात्र खासगी शाळेतही पालकाला सभासद मानतो.

हा प्रश्न थोड्या घरांचा राहिलेला नाही. ग्रामीण भारतातल्या ६ ते १४ वयाच्या मुलांपैकी सरकारी शाळेत जाणारी मुले 'असर' पाहणीनुसार २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती. कोरोनानंतर २०२२ मध्ये हा आकडा ७२.९ टक्क्यांवर गेला आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आला. हातात पैसा नव्हता तेव्हा पालक सरकारी शाळेकडे वळले आणि घडी बसताच बरेच जण परत फिरले, असा याचा सरळ अर्थ लागतो. ओढ खासगीकडेच आहे. मग तिथल्या कारभारात पालकाचा आवाज किती, हा प्रश्न आता वाड्यावस्त्यांचाही झाला आहे.

नाचाच्या ड्रेसचा प्रश्न

गॅदरिंग हा मुलांच्या आनंदाचा कार्यक्रम आहे. एरवी वर्गात तोंड न उघडणारे पोर स्टेजवर पोवाडा म्हणते तेव्हा आजी-आजोबांनाही धन्य वाटते. पण खर्च वाढत चालला आहे. भाड्याचा ड्रेस, मेकअप, फोटो, व्हिडिओ असे एकेक जोडत गेले की दोन मुलांच्या घराला ते जड जाते. हे पैसे मंजूर फीमध्ये धरलेले आहेत की वेगळे, आणि त्याची पावती मिळणार का, हे पालकाने विचारले तर त्यात वावगे काही नाही. ड्रेस, वह्या, पुस्तके अमुक दुकानातूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही, असे शिक्षण विभागाने वेळोवेळी बजावलेले आहे.

यात सर्वांत नाजूक स्थिती आरटीईतून आलेल्या मुलांची असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असतात. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. अशा मुलांना वेगळे बसवू नये. पुस्तके, ग्रंथालय, खेळ आणि अभ्यासेतर उपक्रमांत त्यांच्याशी भेदभाव करू नये, असे कायद्याखालचे नियम सांगतात. गॅदरिंग हा अभ्यासेतर उपक्रमच. शेतमजुराच्या मुलीला ड्रेसचे पैसे भरता आले नाहीत म्हणून ती नाचात नसेल, तर फी माफ असूनही ती शाळेत अर्धीच आहे. शिक्षकांनी मनावर घेतले तर घरच्या साडीत, घरच्या धोतर-फेट्यात लोकनृत्य बसते आणि ते चांगलेही दिसते.

या २५ टक्के जागा सुद्धा सहज टिकलेल्या नाहीत. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट देण्यात आली. खेड्यापाड्यात झेडपीची शाळा जवळच असते, त्यामुळे ग्रामीण भागातल्या बऱ्याच जागा यात जाणार होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. दरम्यान पालकांना पुन्हा अर्ज भरावे लागले आणि शाळा सुरू झाल्या तरी बरीच मुले घरीच राहिली.

शाळांचीही बाजू आहे

संस्थाचालकांचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. आरटीईच्या मुलामागे सरकार वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये देते; शाळेची फी त्याहून कमी असेल तर तेवढीच. ही रक्कम वेळेवर येत नाही आणि थकत जाते, ही शाळांची जुनी तक्रार आहे. गावाकडे फी एकदम कुणी भरत नाही. पीक विकले की थोडी, बैल-गाय विकली की थोडी, असे चालते आणि पाऊस गेला की तीही अडकते. बसचे डिझेल, इमारतीचे हप्ते, शिक्षकांचे पगार मात्र दर महिन्याला उभे असतात. पैसा कमी पडला की पहिला फटका शिक्षकाच्या पगाराला बसतो. डी.एड., बी.एड. झालेली तरुण मुले-मुली तुटपुंज्या पगारावर शिकवतात आणि गॅदरिंगची सगळी धावपळही तीच करतात.

म्हणूनच हा हिशेब समितीपुढे उघडा मांडणे शाळेच्याही फायद्याचे आहे. डिझेल किती, पगार किती, थकबाकी किती हे पालकांना समोर दिसले तर वाजवी वाढीला लोक नाही म्हणत नाहीत. कुजबुज होते ती आकडा न सांगता फी वाढली की. एप्रिलमध्ये निकालाबरोबर वाढीव फीची चिठ्ठी हातात पडते, तेव्हा पालकापुढे दोनच वाटा उरतात: भरा, नाहीतर दाखला काढा.

दाखल्यावरूनही अडवणूक होते. फी बाकी म्हणून दाखला रोखला जातो आणि मूल दोन्हीकडून लटकते. अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. बाकी फीचा वाद शाळेचा आणि पालकाचा आहे. त्यासाठी मुलाचे वर्ष वाया जाता कामा नये.

पुढच्या दोन महिन्यांत पालकांनी काय बघावे

पहिले, शाळेच्या फलकावर कार्यकारी समितीतल्या पालकांची नावे लावलेली आहेत का ते बघावे. नसतील तर मुख्याध्यापकांना साध्या कागदावर अर्ज देऊन विचारावे आणि पोच घ्यावी. दुसरे, पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव समितीपुढे आला का आणि बैठक कधी आहे, हे आपल्या इयत्तेच्या प्रतिनिधीला विचारावे. तिसरे, मंजूर फीचा तक्ता फलकावर लागतो का यावर लक्ष ठेवावे.

मूल पहिल्यांदा शाळेत घालायचे असेल तर आरटीईच्या तारखांवर नजर ठेवावी. २०२५-२६ साठी ऑनलाइन अर्ज जानेवारी २०२५ मध्येच सुरू झाले होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जन्मदाखला, रहिवासी पुरावा आधीच काढून ठेवला तर तहसीलला ऐनवेळी हेलपाटे पडत नाहीत. शाळा मान्यताप्राप्त आहे का, तिला ११ अंकी यू-डायस क्रमांक आहे का, हेही विचारून घ्यावे. विनामान्यता शाळा चालवणे हा गुन्हा आहे आणि त्याला १ लाखापर्यंत दंड आहे. पण शाळा बंद पडली तर नुकसान मुलाचेच होते. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेणे आणि देणगी मागणे, या दोन्हींना कायद्याने बंदी आहे.

सहलीला एसटी घेतली तर शालेय सहलींसाठी भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. खासगी गाडी ठरली असेल तर ती एसटीपेक्षा स्वस्त आहे की महाग, हे विचारायला हरकत नाही.

हे सगळे विचारायला वेगळी सभा लागत नाही. गॅदरिंगला सगळे पालक एकाच मंडपात असतात, गावोगावचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या आया एकत्र येतात आणि समितीतल्या निम्म्या जागा त्यांच्याच आहेत. वाण घेऊन घरी जाण्याआधी आपल्या वर्गाची प्रतिनिधी कोण, एवढे एकमेकींना विचारले तरी बरेच कळेल. बऱ्याच ठिकाणी उत्तर "माहीत नाही" असेच येईल. मग दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे तोच प्रश्न घेऊन दोघी-तिघींनी मिळून जावे.